उभ्या झाडांचा पंचनामा

3 जून 2020, बुधवार. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं ते भर दुपारी. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही माजघरात बसून डोक्यावरची कौलं उडताना नुसती ऐकत होतो. वारा पडल्यावर दार उघडलं, तर पडवीतून थेट पलीकडची आळी दिसली. मधली माड-पोफळींची हिरवी भिंतच नाहीशी झाली होती.

पुढे काही दिवसांनी पंचनामे सुरू झाले. वीज नाही, फोन नाही आणि करोनामुळे तोंडाला मास्क. मी निवृत्त शिक्षक, घरोघरी ओळख, म्हणून तलाठ्यांबरोबर पंच म्हणून हिंडलो. घराचं नुकसान लिहिणं त्या मानाने सोपं. कौलं किती, पत्रे किती, भिंत पडली की नुसती तडकली. वाडीत शिरलो की हिशेब अडायचा.

बागेसाठी दर होता हेक्टरी 50 हजार रुपये. ऐकायला बरा वाटतो. पण आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. एका हेक्टरात साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला आले पाचशे रुपये! आठ गुंठ्यांच्या वाडीचे चार हजार. आडवे झालेले माड कापून उचलायची मजुरी तरी त्यात भागावी का? लोकांनी ओरड केली. पुढे पोफळीला झाडामागे 50 आणि माडाला 250 रुपये असा हिशेब झाला.

शेजारच्या आक्कांच्या वाडीत आम्ही पडलेली झाडं मोजली. काही पोफळी उभ्या होत्या, पण वाऱ्याने शेंडे पिळवटलेल्या. तलाठी म्हणाले, ‘‘गुरुजी, ही उभी आहेत. पडलेली कशी लिहू?’’ मी आक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘नका लिहू हो, मास्तर. हिरवी आहेत ती. जगतील.’’ मी सही केली.

दिवाळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच पोफळींचे नुसते खांब उरले. माड काय, पोफळ काय, वाढ एकाच कोंबातून. तो शेंड्यात आतल्या आत मोडला, की झाड संपलं. मात्र आधीची झावळी पुढे काही महिने हिरवी राहते. मेलेलं झाड जिवंत दिसतं. शिवाय सावली गेल्यावर उन्हाने खोडं भाजतात, ती वेगळीच.

आमच्या पंचनाम्यात खोटं काहीच नव्हतं. तो लवकर झाला, तेही योग्यच, कारण लोकांना पैसे ताबडतोब हवे होते. पण तो एकदाच झाला. घराची पडझड त्याच दिवशी कळते, बागेची सहा महिन्यांनी. मग बागेचा पंचनामा दोनदा का होऊ नये? पहिला वादळानंतर, दुसरा दिवाळीनंतर.

आक्कांनी मला कधी बोल लावला नाही. उलट नवी रोपं लावायला मलाच बोलावलं. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. आक्का तेव्हा 78 वर्षांच्या होत्या. खड्ड्यात माती लोटत म्हणाल्या, ‘‘मास्तर, ही मात्र मोजून ठेवा हो!’’

त्या रोपांचा आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे. दर पावसाळ्यानंतर जाऊन ती पुन्हा मोजतो. आणि मोजताना आता आधी शेंडा बघतो.