वाटाड्याचा शब्द

(किलिमांजारोच्या चढाईसाठी निघणाऱ्या तुकडीचे आणि तिच्या कुटुंबीयांचे एकत्रीकरण नुकतेच पुण्यात झाले. त्या प्रसंगी एका ज्येष्ठ गिर्यारोहकाने केलेले भाषण.)



आपल्यातील बारा जण लवकरच टांझानियातील किलिमांजारो पर्वताकडे प्रस्थान ठेवतील. आफ्रिका खंडातील हे सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून ५,८९५ मीटर उंच आहे. प्रचलित मार्गांनी जाताना तेथे दोर लावून कडा चढावा लागत नाही. पायी चालत माथ्यापर्यंत जाता येते. हीच या पर्वताची ख्याती आणि हाच त्याचा धोका. ‘चालायचेच तर आहे!’ हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी आपल्यापैकी किमान चौघांच्या तोंडून ऐकले. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. माचामे मार्गावरचा पहिल्या रात्रीचा मुक्कामच त्याहून हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर असतो, आणि खरी चढाई त्यानंतर सुरू होते.

माथ्यावरील हवेत समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत प्राणवायू जेमतेम निम्मा मिळतो. शरीर या विरळ हवेशी जुळवून घेऊ शकते, परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. किलिमांजारोच्या अल्पमुदतीच्या सहलींत तो पुरतेपणी पाळला जात नाही. म्हणून आपण सहा दिवसांचा स्वस्त कार्यक्रम नाकारून सात दिवसांचा निवडला. या मार्गावर एके दिवशी ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढायचे आणि त्याच सायंकाळी ३,९०० मीटरच्या आसपास बारांको मुक्कामी उतरायचे असते. चढलेली उंची सोडून खाली यायचे, हे पाहून नवख्याला वाटते की दिवस वाया गेला. वस्तुतः त्या दिवशीच शरीर पुढच्या चढाईसाठी सर्वाधिक तयार होते.

आपल्यातील बहुतेकांना संचलनाचा सराव आहे. संचलनात सर्वांचे पाऊल एका तालात पडते आणि तो ताल घोषाने ठरतो. पर्वतावर ताल ठरवतो तो सर्वांत मागे चालणारा. तेथील वाटाडे दिवसभर ‘पोले पोले’ म्हणतात. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ हळूहळू. ज्याला पुढे धावण्याची हौस आहे त्याला हे दोन शब्द पहिल्या दिवशी गमतीचे वाटतात, तिसऱ्या दिवशी जाचक वाटतात आणि शिखराच्या रात्री त्यावाचून दुसरे काही सुचत नाही. (याच भाषेत शेवटच्या तळाचे नाव ‘बराफू’ आहे. बराफू म्हणजे बर्फ. हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांनी शेकडो वर्षे व्यापार केला, त्याच्या खुणा अशा अवचित भेटतात. चहाला तेथेही ‘चाय’च म्हणतात.)

आता मुख्य विषय. त्या राष्ट्रीय उद्यानात परवानाधारक वाटाड्यावाचून चढाई करता येत नाही. आपण त्याच्या सेवेचे मूल्य देतो. मूल्य दिले म्हणजे तो आपला नोकर झाला, अशी एक शहरी समजूत आपल्यासोबत विमानातून तेथवर जाते. ती येथेच ठेवून जावी, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टच्या सुमारास मी एका तुकडीसोबत बराफूच्या तळावर होतो. उंची सुमारे ४,६७० मीटर. मध्यरात्री शिखराकडे निघायचे होते. तुकडीत चाळिशीतील एक गृहस्थ होते. नियमित व्यायाम करणारे, देहयष्टी उत्तम, पहिले चार दिवस सर्वांच्या पुढे. सायंकाळी त्यांनी जेवण परतवले. डोके दुखते, झोप कमी झाली आहे, असे ते म्हणाले. प्रमुख वाटाड्याने त्यांना तंबूबाहेर बोलावून एका सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा टेकवत दहा पावले चालायला सांगितले. चौथ्या पावलाला त्यांचा तोल गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गेला. वाटाडा म्हणाला, “आता खाली. सकाळी नव्हे, आताच.”

उंचीवर तोल जाणे हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे आणि खोकला न थांबणे हे फुप्फुसात पाणी साचत असल्याचे लक्षण. दोन्हींवर पहिला उपचार एकच, तो म्हणजे विनाविलंब खाली उतरणे. औषधे आणि प्राणवायूची नळकांडी हे सारे उतरण्याला साहाय्यक आहेत, उतरण्याऐवजी नाहीत.

त्या गृहस्थांनी पिशवीतून तिरंगा काढला. “हा घेऊन आलो आहे. आता कसा परतू?” असे ते म्हणाले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. तुकडीत दोन तट पडले. एकाने सुचवले, सोबतीला एक वाटाडा स्वतंत्र द्यावा आणि जमेल तितके जाऊ द्यावे. दुसऱ्याने खर्च झालेल्या लाखांचा हिशेब काढला. तिसरा म्हणाला, ध्वजाचा प्रश्न आहे. मी वाटाड्याच्या बाजूने उभा राहिलो, आणि आजही तसाच राहीन. ज्या माणसाला सरळ रेषेत दहा पावले टाकता येत नाहीत, त्याच्या हाती राष्ट्रध्वज देऊन त्याला अंधारात वर धाडणे ही देशभक्ती नव्हे. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले. त्या दिवशी कोणी त्यांना ‘मानाचा प्रश्न आहे’ असे सांगितले असते, तर पुढे १६७० साली सिंहगड घ्यायला कोण उरले असते? किल्ला परत घेता येतो. माणूस परत आणता येत नाही.

त्या रात्री एक साहाय्यक वाटाडा आणि दोन भारवाहक त्यांना दोन्ही बाजूंनी धरून म्वेकाच्या मुक्कामापर्यंत घेऊन गेले. दीड हजार मीटरहून अधिक उतार, तोही अंधारात. सकाळी ते गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत न्याहारीला आले. त्यांचा ध्वज वर नेण्याची तयारी इतर दोघांनी दाखवली होती. पण त्यांनी तो कोणाकडे दिला नाही, सोबतच परत आणला.

त्या दोन भारवाहकांविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आपल्या छायाचित्रांत ते सहसा नसतात. बारा जणांच्या तुकडीमागे पस्तीस-चाळीस माणसे चालत असतात. तंबू, शिधा, पाणी, जळण, स्वयंपाकाची भांडी, आपल्या पिशव्या हे सारे त्यांच्या डोक्या-खांद्यांवर. आपण मुक्कामी पोहोचतो तेव्हा तंबू उभे असतात आणि चहा तयार असतो, याचा अर्थ ते आपल्यानंतर निघून आपल्याआधी पोहोचले आहेत. त्यांनी वाहावयाचे ओझे वीस किलोपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे आणि प्रवेशद्वारापाशी वजन होते. तरीही अपुरे कपडे, निकृष्ट अन्न, बुडवलेली मजुरी हे प्रकार घडत आले, म्हणूनच २००३ साली ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ हा उपक्रम सुरू झाला. आयोजक निवडताना आपण दर विचारला, तसे हेही विचारले: भारवाहकांना दिवसाकाठी मजुरी किती, जेवण किती वेळा, रात्री झोपायला तंबू आहे की नाही? ज्या दोन आयोजकांनी या प्रश्नांची उडवाउडवीची उत्तरे दिली, त्यांचे दर सर्वांत कमी होते. समरसतेवर आपण बौद्धिके ऐकतो. तिची परीक्षा अशा निविदेच्या कागदावर होते.

या पर्वताच्या इतिहासातही हीच विस्मृती आहे. ६ ऑक्टोबर १८८९ रोजी हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर शिखरावर पोहोचले. मेयरने त्याला जर्मन सम्राट विल्हेल्मचे नाव दिले. पायथ्याच्या चग्गा समाजातील योहानी किन्याला लाउवो यांची त्या मोहिमेचे वाटाडे म्हणून ओळख त्यांच्या देशाने जपली, परंतु युरोपीय ग्रंथांत त्यांना जागा मिळाली नाही. आपल्याला हे नवे नाही. जगातील सर्वोच्च शिखराची उंची १८५२ साली गणिताने सिद्ध करणारे राधानाथ सिकदर, आणि १८६५ साली त्या शिखराला मिळालेले नाव एका निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचे! सिकदरांवरील अन्यायाने ज्याचे रक्त तापते, त्याला आपल्या वाटाड्याचे पूर्ण नाव ठाऊक असले पाहिजे.

टांझानियाने ते नाव बदलले. ९ डिसेंबर १९६१ रोजी तो देश (तेव्हाचा टांगानिका) स्वतंत्र झाला. त्या प्रसंगी लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी शिखरावर राष्ट्रध्वज आणि मशाल नेली, आणि सम्राटाचे शिखर ‘उहुरू’ झाले. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. आपण तिरंगा घेऊन जाणार आहोत, अवश्य न्यावा. परंतु ते दुसऱ्या एका राष्ट्राच्या स्वातंत्र्याचे स्मारक आहे, हे जाणून न्यावा. छायाचित्रासाठी रांग अडवू नये, आणि फलक, फुगे, रंगीत कागद यांपैकी काही मागे ठेवू नये. तेथील हिमनद्यांचे १९१२ साली जेवढे क्षेत्र होते, त्यातील सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत नष्ट झाले. आणखी भर आपण घालायला नको.

कुटुंबीयांना दोनच विनंत्या. दूरध्वनी दोन दिवस आला नाही तर आयोजकांना भंडावू नका. तेथे संपर्क भरवशाचा नसतो. आणि ‘पोहोचलास का?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या धाकाने माणसे डोकेदुखी लपवतात. लहान मुलांना विक्रमासाठी अशा उंचीवर नेणाऱ्या पालकांविषयी मला जे वाटते, ते या व्यासपीठावरून न बोललेले बरे.

ज्यांना डोंगरावर घेण्याची गोळी वैद्यांनी दिली आहे, त्यांनी सल्फा औषधांचे वावडे असल्यास आजच तसे सांगावे. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत जमायचे आहे. तेथे वजनकाटा असेल आणि वीस किलो तांदळाची बारा पोती असतील. प्रत्येकाने एकेक पोते खांद्यावर घेऊन पहिला अर्धा तास चढायचे आहे. खाली उतरल्यावर ते तांदूळ वस्तीवरच्या वसतिगृहाला द्यायचे आहेत, तेव्हा पोती फाटणार नाहीत याची काळजी घ्यावी.