लिनक्सचे शिक्षण आणि प्रमाणपत्राचे मोल



संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणाच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो : लिनक्स शिकायचे, तर प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क भरावे काय? मध्यमवर्गीय कुटुंबास ही रक्कम जड जाते. प्रश्न पैशाचा आहेच. परंतु त्याहून अधिक तो विद्येचा आहे.

लिनक्सचा जन्म परीक्षेसाठी झाला नाही. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली निव्वळ आवडीपोटी या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहावयास घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्यास लाभली. पुढे जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. त्या आरंभीच्या मंडळींपाशी लिनक्सचे प्रमाणपत्र नव्हते, कारण तसे प्रमाणपत्रच तेव्हा नव्हते. मूळ आज्ञावली खुली होती. ती वाचत, मोडत, दुरुस्त करीत ते शिकले.

मग प्रमाणपत्र निरर्थक मानावे काय? तसे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. स्वतःहून शिकणारा मनुष्य गरजेपुरतेच शिकतो आणि ज्ञानात पोकळ्या राहून जातात. परीक्षेचा अभ्यासक्रम त्याला टाळलेल्या विषयांकडेही नेतो. १९९९ साली स्थापन झालेल्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम कोणालाही विनामूल्य पाहता येतो. तिच्या पहिल्या पायरीस दोन लेखी स्वरूपाच्या परीक्षा आहेत; प्रत्येकीत ६० प्रश्न आणि ९० मिनिटे.

रेड हॅटची पद्धत निराळी. तेथे उत्तराचा पर्याय निवडायचा नसतो, चालू यंत्रावर काम करून दाखवायचे असते. वापरकर्त्यांची खाती, धारिकांच्या परवानग्या, साठवणुकीची मांडणी हे सारे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकले पाहिजे, असा दंडक आहे. अशा परीक्षेची तयारी हेच शिक्षण होय.

धोका आहे तो घोकंपट्टीचा. जुने प्रश्नसंच पाठ करून मिळवलेला कागद मुलाखतीच्या दारापर्यंत नेईल, आत टिकू देणार नाही. शिवाय या प्रमाणपत्रांना मुदत असते : लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्रास पाच वर्षे, रेड हॅटच्या प्रमाणपत्रास तीन वर्षे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. घरातील जुन्या संगणकावर आधी लिनक्स बसवावे. अभ्यासक्रम समोर ठेवून एकेक विषय हाताखालून घालावा. प्रणालीसोबत येणारी 'मॅन' पृष्ठे वाचण्याची सवय लावावी. चूक झाली तर सर्व पुसून नव्याने आरंभ करावा. त्यास दमडीही लागत नाही. एवढे झाल्यावर, नोकरीसाठी गरज असेल, तर शुल्क भरावे.

मध्यरात्री कार्यालयाचा सर्व्हर बंद पडतो, तेव्हा चौकटीतला कागद कामी येत नाही. हाताला झालेला सराव कामी येतो. प्रमाणपत्र त्या सरावाची साक्ष असावे, त्याची जागा घेणारे नसावे.