कुलवृत्तांत आणि संगणकाचे कुलूप
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही जन्मभर खडू हाती धरला. आमचे शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेच. तरीही या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस एका नुकसानीने दिला आहे. ते आपणा सर्वांचे असल्यामुळे त्याचा हिशेब या सभेपुढे ठेवणे आमचे कर्तव्य होय.

आपल्या कुलवृत्तांताच्या नोंदी आमच्या घरच्या संगणकात होत्या. गतवर्षी श्रावणात कुरिअरच्या नावाने एक ई-मेल आला. कोणतेही पार्सल यावयाचे नसता त्यातील दुव्यावरून आम्ही 'पावती' उतरवून घेतली. नावाच्या शेवटी 'पीडीएफ' दिसत होते. त्यापुढची 'ईएक्सई' ही अक्षरे विंडोज प्रणाली एरवी लपवूनच ठेवते, हे नातवाने मागाहून दाखविले. म्हणजे तो कागद नसून आज्ञावली होती. संगणकाने धोक्याची सूचना दिली होती, ती आम्ही न वाचताच दूर सारली. मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून आयुष्यभर बजावणारे आम्हीच! घटकाभरात सर्व फायली कुलूपबंद होऊन पडद्यावर खंडणीची मागणी उमटली. ती आम्ही दिली नाही. दिल्याने किल्ली मिळतेच असे नाही.

परंतु आमची खरी चूक याहून निराळी. नोंदींची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर होती, आणि तो ड्राइव्ह महिनोन्महिने संगणकालाच खोचलेला होता. कुलूप त्यालाही लागले. प्रत काढून झाल्यावर ड्राइव्ह उपसून कपाटात ठेवावयास अर्धे मिनिटही लागले नसते.

केवळ आम्हीच फसलो असे नव्हे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेहून अधिक देशांत हाहाकार उडविला. ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून ती शिरली, ती बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. 'अपडेट' करण्याचा आळस एवढा महाग पडतो. आपणांपैकी अनेकांकडे अद्याप विंडोज १० आहे. तिची नेहमीची सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, हे घरी जाऊन अवश्य पाहावे. विंडोजमध्ये 'डिफेंडर' हा पहारेकरी मुळातच असतो. खेळांच्या फुकट, चोरट्या प्रती बसविताना मुले त्यालाच बंद करतात, तेवढे करू देऊ नये. मुलांना निराळे, मर्यादित अधिकाराचे खाते उघडून द्यावे.

आता नोंदींविषयी. चारशे कुटुंबांपैकी सुमारे तीनशेंची माहिती आमच्या कच्च्या वह्यांवरून पुन्हा जुळविली आहे. उरलेली आम्ही दूरध्वनीवर ऐकून थेट संगणकात लिहिली होती, आणि ती सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी काहीजण आज हयात नाहीत. त्या कुटुंबांची यादी प्रवेशद्वारापाशी टेबलावर ठेवली आहे. आजोबा-पणजोबांची नावे, मूळ गाव, जुनी पत्रिका, जे जे घरात सापडेल ते कृपया दिवाळीपूर्वी आमच्याकडे पोहोचवावे. पोच आम्ही हस्ताक्षरात देऊ.