रात्री दवाखाना आपल्या काठावर हवा

या पॉडकास्टवर बहुतेक वेळा तुमच्याच वयाचं कुणीतरी बोलत असतं. आज ६१ वर्षांची बाई बोलणार आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. टपाल खात्यात ३६ वर्षं काढली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. आणि आता दिवाळी झाली की मी आणि आमचे हे, दोघं गाडीतच राहत, किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागपासून कन्याकुमारीपर्यंत जाणार आहोत. तीन महिने. गाडी बहुतेक मीच चालवणार.

आता तुम्ही म्हणाल, मस्त! रील काढा! रील काढू, पण त्याआधी एक गोष्ट सांगते. ह्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. वय ६६, एक स्टेंट. आमची मुलगी पुण्यात असते. तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबांना रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय करणार आहेस?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून आम्ही सगळं प्लॅनिंग त्या एका प्रश्नापासून सुरू केलं. आज तेच सांगायला आलेय.

आधी किनारा म्हणजे काय ते बघू. शाळेत आपण शिकलो, भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर. अलीकडे नव्याने मोजला तर तो ११,०९८ किलोमीटर भरला. देश काही वाढला नाही, मोजमाप बारीक झालं. खाड्या, वळणं, खाचा सगळ्या धरल्या की आकडा फुगतो. गाडीचंही तसंच असतं. पनवेल ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ६६ साधारण १,६०० किलोमीटरचा आहे. पण कोकणात तो समुद्रापासून बराच आत आहे. समुद्र बघायचा तर महामार्ग सोडून खाली उतरावं लागतं, आणि उतरलात की खाडी आडवी येते.

कोकणात खाडी ओलांडायला काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणी जंगलजेट्टी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जंगलजेट्टी म्हणजे गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. दाभोळ ते धोपावे ही २००३ साली सुरू झाली. मग दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ. दिवसा ही फार गंमतीची गोष्ट आहे. गाडी बोटीवर चढवायची, खाली उतरून वारा खायचा, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे.

पण रात्री? रात्री शेवटची फेरी गेली की बोट बंद. तुम्ही दाभोळला उभे आहात, समोर धोपाव्याचे दिवे दिसतायत, आणि चांगला दवाखाना त्या बाजूला आहे. मॅपवर अंतर बोटाच्या पेराएवढं. प्रत्यक्षात तुम्हाला दापोली, खेड, चिपळूण असा भलामोठा वळसा घालायचाय, तोही अंधारात, वळणांच्या रस्त्याने. हृदयविकाराच्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

तेव्हा आमचा पहिला नियम ठरला. रात्रीच्या मुक्कामाला दवाखाना खाडीच्या आपल्या काठावर हवा, आणि दीड तासाच्या आत हवा. नुसता दवाखाना नाही, अँजिओप्लास्टी होते असा. मी कागदावर किनारा काढला आणि आधी दवाखाने लिहिले, मग देवळं आणि बीच. चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, मग रत्नागिरी, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, पुढे मणिपाल, मंगळूर. तिथून खाली केरळात फारशी काळजी नाही. यादी नुसती लिहून भागत नाही. प्रत्येक ठिकाणी फोन केला. कॅथलॅब चालू आहे का, रात्री डॉक्टर असतात का, आमची विमा कंपनी चालते का, तीन प्रश्न. तुमच्या आईबाबांना कुठे पाठवायचं असेल तर हे तीन फोन तुम्ही करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

या नियमाने काय झालं ते सांगते. दाभोळच्या बाजूचा मुक्काम गेला. ती बाजू दिवसा बघायची, दुपारी जेट्टी पकडायची आणि झोपायला गुहागर. त्याहून मोठा घोळ कर्नाटकात. कारवारपासून भटकळपर्यंतचा उत्तर कन्नड जिल्हा म्हणजे निसर्गाचं देणं. पण मोठ्या उपचाराला तिथले लोक अजूनही गोवा, हुबळी नाहीतर मणिपालला जातात. तिथल्या तरुणांनी मोठ्या दवाखान्यासाठी सोशल मीडियावर मोहीम चालवली होती, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. ह्यांचं स्वप्न होतं गोकर्णला आठ दिवस राहायचं. नियमात बसेना. आमच्यात दोन दिवस अबोला होता. शेवटी ठरलं, काणकोणहून सकाळी लवकर निघायचं, गोकर्णला दर्शन आणि जेवण, मुरुडेश्वरला चहा, आणि मुक्काम मरवंत्याला. तिथे महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. मणिपाल तिथून साधारण तासाभरावर. एरवी आमचा दिवसाला तीन तासच गाडीचा नियम आहे, त्या एका दिवशी पाच तास. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दर तासाला उतरून चाला, मग हरकत नाही.

बाकी नियम छोटे आहेत. सूर्यास्तानंतर गाडी हलवायची नाही. एका ठिकाणी किमान दोन रात्री. औषधं महिनाभराची जास्तीची, आणि तीही दोन ठिकाणी. चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलंय, कारण केरळातल्या दुकानात आपला ब्रँड मिळेलच असं नाही. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, तेव्हा औषधं डॅशबोर्डच्या खणात ठेवायची नाहीत. आणि १०८. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, चारही राज्यांत रुग्णवाहिकेला हाच नंबर आहे. पण तिला पत्ता सांगता आला पाहिजे. मुक्कामाला पोचलो की गावाचं, वाडीचं नाव आणि जवळची खूण पाटीवर लिहून दाराला लावायची. घाबरलेल्या माणसाला लोकेशन शेअर करणं सुचत नाही, पाटी वाचता येते.

आता गाडी. इंटरनेटवर मोठमोठ्या मोटरहोम दिसतात, आत सोफा, बाथरूम, सगळं. कोकणात ती गाडी घेऊन खाली उतरून दाखवा! दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, वर आंब्याची फांदी, विजेची तार लोंबतेय. समोरून एसटी आली की संपलं. म्हणून आम्ही साडेपाच मीटरच्या आतली जुनी व्हॅन घेतली. घेण्याआधी तशीच एक भाड्याने घेऊन पाच दिवस गुहागरला राहून बघितलं. त्यात कळलं की आमच्या वयाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पलंगाची उंची. खाली पाय टेकून गुडघ्यावर जोर न देता उठता आलं पाहिजे. आम्ही १८ इंच ठेवली.

गाडीत बदल करताना एक लक्षात ठेवा. सुताराला बोलावून पलंग ठोकला, झालं, असं नसतं. आरटीओची परवानगी लागते, आरसी बुकावर नोंद लागते, आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. नाहीतर अपघात झाल्यावर दावा अडकू शकतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीचा वेगळा प्रकार आहे, तो विचारून घ्या.

मग वीज. इथे थोडं गणित आहे, पण पाचवीचं. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २,४०० वॅट-अवर, म्हणजे घरच्या मीटरवरची जेमतेम अडीच युनिटं. छोटा पंखा २५ वॅटचा, रात्रभर चालवला तरी चिंता नाही. १,००० वॅटचा एसी लावला तर दोन-अडीच तासांत बॅटरी झोपली. १,५०० वॅटच्या इंडक्शनचंही तेच. म्हणून एसी नाही, पंखे दोन, खिडक्यांना जाळ्या, आणि स्वयंपाकाला गॅसचा छोटा सिलेंडर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे हवेशीर झडप जमिनीलगत हवी. आम्ही तर शेगडी बाहेर काढूनच रांधणार.

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी म्हणजे दीड-दोन माणसं जास्त बसवल्यासारखं. काटकसरीने माणशी २० लिटर धरलं तर दोघांना अडीच दिवस. म्हणजे दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी विहिरीवर, नळावर जायचंच आहे. मला ते आवडतं. पाणी मागायला गेलं की ओळख होते.

आणि मुक्काम कुठे? बीचवर नाही. हे तुम्हा मुलांना मुद्दाम सांगते. वाळूवर गाडी घालून रुतलेल्यांचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला किनाऱ्यावर गाडी चालवायला परवानगी आहे, कारण तिथली वाळू घट्ट आहे. ती हौस तिथे भागवू. कोकणात गाडी वरच. होम-स्टेवाल्यांना विचारायचं, तुमच्या अंगणात गाडी लावू का, संडास-बाथरूम वापरू का, जेवण तुमच्याकडेच घेऊ, किती द्यायचे? बहुतेक हो म्हणतात. त्यांचा धंदा होतो आणि आम्हाला रात्री हाकेच्या अंतरावर माणूस मिळतो. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही आणलं, पण खरा आधार अंगणाचाच.

भरतीचं गणित कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांकडून शिकले. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. दिवसात दोनदा, साधारण बारा-साडेबारा तासांच्या अंतराने. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. मोबाईलमध्ये अॅप आहे हो, पण खाडीत रेंज जाते तेव्हा तिथी जात नाही. दक्षिणेला जाल तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो.

दिवाळीनंतरच का, तर पाऊस. कोकणातला पाऊस तेव्हा सरलेला असतो, आणि केरळला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा जोरदार पाऊस असतो. म्हणून उत्तरेकडून सुरुवात, केरळात पोचायचं ते जानेवारीत. नोव्हेंबर-डिसेंबरला समुद्रात वादळं होतात, २०१७ च्या ओखीने केरळ-कन्याकुमारीला झोडपलं होतं. हवामान खात्याचा इशारा आला की वाद नाही, गाडी आत वळवायची.

नोव्हेंबरवरून आठवलं. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. निघण्याआधी आईबाबांच्या फोनमध्ये ते अॅप टाकून, एकदा शिकवून ठेवा. लायसन्सही बघा. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि डॉक्टरचा दाखला लागतो. प्रवासात मध्येच संपायला नको.

पैशाचं थोडक्यात सांगते. १५ लाखांची गाडी घेतली असती तर, व्याज ८ टक्के धरलं तरी, वर्षाला १ लाख २० हजारांचं उत्पन्न गेलं असतं. म्हणजे महिन्याला दहा हजार. निवृत्त माणसाला तो औषधाचा आणि किराण्याचा पैसा आहे. म्हणून जुनी गाडी, तीही माझ्या दिरांबरोबर निम्म्या वाट्यात. तीन महिने आमची, मग त्यांची. उभ्या गाडीला टायर आणि बॅटरी दोन्ही माफ करत नाहीत.

आणि शेवटची गोष्ट, परतीचं दार. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळ ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर किनाऱ्याला धरून जाते. पुढेही रेल्वे आहेच. आमच्या कागदावर प्रत्येक मुक्कामापुढे जवळचं स्टेशन लिहिलंय. आमच्यात ठरलंय की दोघांपैकी कुणीही, कुठल्याही दिवशी, नुसतं "घरी" म्हटलं की प्रवास संपला. कारण विचारायचं नाही, गाडी कुणाच्या तरी अंगणात लावायची आणि रेल्वेत बसायचं. गाडी दीर घेऊन येतील. हा नियम मुलीने सुचवला. त्यानंतर ती पहिल्यांदा म्हणाली, "ठीक आहे, मला रत्नागिरीचे दोन दिवस ठेवा, मी येते."

तुमच्या घरात कुणी असं काही ठरवत असेल तर लगेच "नाही" म्हणू नका, आणि नुसतं "जा, एन्जॉय करा" असंही म्हणू नका. कागद घेऊन शेजारी बसा. विचारा, रात्री दोन वाजता काय? त्याचं उत्तर प्रत्येक मुक्कामापुढे लिहून झालं की उरतो तो समुद्र, आणि तो बघायला वयाची अट नाही.

चला, थांबते. ह्यांच्या गोळीची वेळ झाली. तुमचे प्रश्न पाठवा, निघायच्या आधी जमतील तितक्यांना उत्तरं देईन. नमस्कार.