खिळा ठोकायची मुभा

मुंबईच्या उपनगरांत भाड्याने राहणाऱ्यांना अकरा महिन्यांचा करार पाठ असतो. करारात असो वा नसो, किल्ली हातात देताना घरमालक एक वाक्य हमखास ऐकवतो, ‘भिंतीला खिळा ठोकायचा नाही हं!’ घाटकोपर, मुलुंड, अंधेरी असं बिऱ्हाड हलवत माझी बरीच वर्षं गेली. काही ठिकाणी तर मी माझं नाव सांगितलं की ‘जागा कालच गेली’ असं उत्तर मिळायचं. म्हणूनच आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते हवे तेवढे खिळे ठोकू देणाऱ्या एका जागेबद्दल. ती जागा म्हणजे संगणकाचा पडदा.

तुम्ही म्हणाल, पडद्यावरचं चित्र तर कुणीही बदलतो. पण ही मुभा त्याहून मोठी आहे. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मलं, तेव्हा त्यात चित्रं नव्हतीच. अक्षरं टाइप करायची, उत्तरही अक्षरांतच यायचं. १९८४ साली एमआयटी या विद्यापीठात ‘एक्स’ नावाची व्यवस्था तयार झाली आणि खिडक्या उघडू लागल्या. तिच्यात एक शहाणपण होतं. पडद्यावर खिडकी काढायचं काम एका प्रोग्रामचं आणि खिडक्यांची मांडामांड दुसऱ्याची. म्हणजे इमारत एकाची, सजावट ज्याची त्याची! १९९१ साली आलेलं लिनक्स याच वळणाचं. त्यासाठी १९९६ मध्ये ‘केडीई’ आणि १९९७ मध्ये ‘ग्नोम’ या डेस्कटॉपांचं काम सुरू झालं. एक आवडला नाही तर दुसरा बसवावा. आतल्या कविता, हिशेब, फोटो जागच्या जागी राहतात.

मुलाने टाकून दिलेला जुना संगणक माझ्या वाट्याला आला. त्याला झेपेल असा ‘एक्सएफसीई’ हा हलका डेस्कटॉप मी घेतला. तळाची पट्टी उचलून डाव्या कडेला उभी केली, कारण पडदा आडवा असतो आणि कविता उभी. पन्नाशीच्या डोळ्यांसाठी अक्षर मोठं केलं. मग पडद्याची चार दालनं केली. एकात कविता, दुसऱ्यात प्रुफं, तिसऱ्यात पत्रव्यवहार आणि चौथं रिकामं. रात्री कधीकधी मी त्या रिकाम्या दालनात जाऊन बसतो. वन रूम किचनमध्ये रिकामी खोली कुणाला मिळते? १९८६ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी अशी दालनं केली, तेव्हा त्यांनी नावच ठेवलं होतं ‘रूम्स’.

कवीला जपायचं असतं ते अक्षर. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीहून वेगळं. राज्य शासनाने २००९ साली तसा निर्णयही काढला, तरी पडद्यावर पुष्कळदा हिंदी वळणच दिसतं. ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’ तर कच्च्या फॉन्टमध्ये मोडूनच पडतो. इथे फॉन्ट आपण निवडायचा. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत काम करत. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांच्याच हातचा आणि कुणालाही मोफत वापरता येणारा ‘रघु’ही त्यांचाच. मी कीबोर्डच्या एका बटणावर मराठी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्या लावून घेतल्या आहेत. आईची जुनी उर्दू पत्रं मी उतरवतो आणि खाली मराठीत टिपा लिहितो. एक भाषा उजवीकडून येते, दुसरी डावीकडून. पडदा दोघींना जागा देतो.

हे सारे बदल नावाआधी टिंब असलेल्या, म्हणून एरवी न दिसणाऱ्या फोल्डरांत साध्या मजकुरात लिहिलेले असतात. ते पेन ड्राइव्हवर घ्यायचे, नव्या संगणकावर तोच डेस्कटॉप बसवायचा आणि ते तिथे ठेवायचे, की घर जसंच्या तसं उभं. माझं खरं बिऱ्हाड टेम्पोतून येताना दर वेळी काहीतरी फुटतंच. आत शिरताना संगणकही आधी नाव विचारतो, पण नाव वाचून जागा गेल्याचं सांगत नाही. अर्थात, या दालनांत कुणाचं अंथरूण पडत नाही, चूल पेटत नाही, हेही मला ठाऊक आहे. घराची गरज घरानेच भागते. पण आपली मांडणी आपण ठरवायची सवय माणसाला कुठेतरी राहायला हवी.

शिकायचं कुठे, असं विचाराल तर पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम आहे. त्यात लिनक्सचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. केडीई आणि ग्नोमचे मेनूही स्वयंसेवकांनी मराठीत आणले आहेत. सगळा संगणक मराठीत बोलत नाही, पण पुष्कळसा बोलतो. घरात कुणी वडीलधारं संगणकासमोर बिचकत असेल, तर या रविवारी एवढंच करा. अक्षर मोठं करून द्या, मेनू मराठीत लावून द्या आणि माऊस त्यांच्याच हातात ठेवून विचारा, ‘पट्टी कुठे लावू?’