डोळ्यांतील भिंग आणि काचबिंदू

माझा एक पुतण्या वयाच्या अठराव्या वर्षापासून डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स घालतो. आज तो चाळिशींत आहे. नंबर उणे आठ. गेल्या वर्षीं त्याला काचबिंदू निघाला, तेव्हां तो मला म्हणाला, "काका, इतकीं वर्षें बुबुळावर भिंग ठेवलें, त्याचेंच हें फळ ना?" मी भूगोल शिकविणारा मास्तर, वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे चार वेळां गेलों, तेथें जें समजलें तें आपणांपुढें ठेवतों.

डोळ्याच्या पुढल्या भागांत एक निर्मळ द्रव सतत पाझरत असतो व कडेच्या कोनांतील बारीक जाळींतून बाहेर जातो. हा निचरा तुंबला कीं आंतील दाब वाढतो. पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर हा दाब सामान्य मानतात; कित्येकांस तेवढ्यांतही काचबिंदू होतो, ही गोष्ट वेगळी. दृष्टीचा मज्जातंतु झिजतो, आणि बहुधा कडेचें दिसणें आधीं जातें. दुखत नाहीं, समोरचें अक्षर स्वच्छ दिसतें. गेलेली दृष्टि मात्र परत मिळत नाहीं.

आतां भिंगाकडे वळूं. १८८८ सालीं फिक यांनीं कांचेचें भिंग डोळ्यावर बसविलें. तें थोडे तासच सोसे. आजचें मऊ भिंग प्राग येथील विख्टर्ले यांचें. १९६१ च्या नाताळांत त्यांनीं तें मुलाच्या खेळण्यांच्या सुट्या भागांपासून केलेल्या यंत्रावर घरींच काढलें! हें भिंग अश्रूंच्या पातळ थरावर तरंगतें. निचऱ्याची जाळी आंत आहे. साध्या मऊ भिंगानें काचबिंदू होतो असें सिद्ध झालेलें नाहीं.

मग पुतण्याचें काय झालें? एक तर मोठ्या उणे नंबराचा डोळा लांबट असतो, व अशा डोळ्यांस काचबिंदूचें भय मुळांतच अधिक. दुसरें, दुकानांत दर वर्षीं नंबर तपासला जाई. दाब व मज्जातंतु कोणीं पाहिलाच नाहीं. आणि तिसरें कारण मला सर्वांत जाचतें. भिंगानें डोळे लाल होत, खाजत; एका औषधविक्रेत्यानें चिठ्ठीवांचून थेंब दिले. घटकेंत आराम पडे, म्हणून हा तीन वर्षें अधूनमधून ते घालीत राहिला. त्यांत स्टेरॉइड होतें. कांहीं माणसांत तें त्या जाळीचाच निचरा अडवितें. दोष भिंगावर आला. करणारे ते थेंब!

भिंग त्याला सोडावें लागलें नाहीं. दाबाचे थेंब घालण्यापूर्वी मात्र तें काढावें लागतें व नंतर पंधरा मिनिटें थांबावें लागतें, कारण थेंबांतील टिकाऊ द्रव्य मऊ भिंगांत मुरतें.

डॉक्टरांनीं विचारलें, घरांत कोणास हा विकार होता काय? माझे वडील अखेरच्या दिवसांत भिंतीला हात लावून चालत. आम्हीं तें म्हातारपण समजत होतों. हें सांगतांच त्यांनीं मलाही यंत्रावर हनुवटी टेकावयास लाविली. डाव्या डोळ्याचा दाब २६ निघाला. आतां रोज रात्रीं नऊ वाजतां पुतण्या मला दूरध्वनि करतो, आणि आम्ही दोघे आपापले थेंब घालतों.