भट्टीवरचा हिशेब

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी धंद्याच्या योजना आखाव्या, त्या परीक्षकांपुढे मांडाव्या आणि त्यांबद्दल बक्षिसे मिळवावी, हा प्रकार आपल्या मध्यमवर्गीय घरांस अजूनही काहीसा पोरखेळ वाटतो. वक्तृत्वाची ढाल मुलाने आणली तर आपण ती दिवाणखान्यात मांडतो. धंद्याचा आराखडा आणला तर विचारतो, 'नोकरीचे काय झाले?'

ही स्पर्धा काही आजची नव्हे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाने 1984 साली ती आपल्या विद्यार्थ्यांत सुरू केली. वकिलीच्या विद्यार्थ्यांस जसे लुटुपुटीच्या न्यायालयात उभे करितात, तसे व्यापाराच्या विद्यार्थ्यांस लुटुपुटीच्या भांडवलदारांपुढे उभे करावे, ही मूळ कल्पना. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी 1998 साली 'युरेका' नावाची अशी स्पर्धा आरंभिली. पुढे 2022 साली महाराष्ट्र शासनाने 'स्टार्टअप व नाविन्यता यात्रा' काढली आणि तालुक्यातालुक्यांतून हिंडून तरुणांच्या कल्पना जिल्ह्याच्या व्यासपीठावर आणविल्या. एवंच, जी गोष्ट मोठ्या शहरांतील विद्यामंदिरांची होती, ती आता वाशीसारख्या गावाच्या वेशीपर्यंत आली आहे.

वाशी म्हणजे नव्या मुंबईतील वाशी नव्हे. धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या माळावर वसलेले हे तालुक्याचे गाव. पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेतीच्या जोडीस जनावर ठेवणे हा तेथील शहाणपणा. याच तालुक्यात फटाक्यांकरिता प्रसिद्ध असलेले तेरखेडा आहे, आणि हमरस्त्यावरचा सरमकुंडी फाटा आहे, जेथे पेढ्यांसाठी गाड्या थांबतात. शेजारच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र; त्या नावाचा खवा आणि पेढा आपण कोठे ना कोठे चाखलाच असेल. विद्यापीठाचे मुख्य स्थान छत्रपती संभाजीनगरास आणि उपकेंद्र धाराशिवास. तेव्हा वाशीच्या विद्यार्थ्यास स्पर्धेला जावयाचे तर पहाटेची एस. टी. गाठावी लागते.

अशी एक जोडी आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही खव्याची भट्टी असलेल्या घरांतील. त्यांची योजना अशी, की गावचा खवा स्वच्छ वेष्टनात, स्वतःच्या नावाने, थेट पुण्यामुंबईच्या घरी पोहोचवावा. अशा वेळी बहुतेक स्पर्धक पडद्यावर पहिले चित्र दाखवितात ते देशाच्या नकाशाचे. 'आपल्या देशात मिठाई खाणारे इतके कोटी; त्यांतील शेकडा एक जरी आम्हांस मिळाले, तरी उत्पन्न इतके!' सभागृह टाळ्या वाजविते. पण श्रोतेहो, शेकडा एक गिऱ्हाईक कोणी ताटात वाढून ठेविलेले नसते. पहिला किलो कोण घेणार आणि दुसऱ्या खेपेस तोच का घेणार, हे सांगता आले तरच त्या नकाशास अर्थ.

म्हणून नकाशा गुंडाळून आपण कढईपाशी येऊ. म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. समजा, दुधाचा भाव लिटरला 50 रुपये आहे. म्हणजे किलोभर खव्यात 250 रुपयांचे दूध आटले. समजा, खवा 280 रुपयांस विकला. उरले 30. यांतून जळण, मजुरी, भाडे आणि नफा निघावयाचा. आता दूध थोडे पातळ निघाले आणि पाचाऐवजी साडेपाच लिटर लागले, तर दुधाचाच खर्च 275 होतो. तीस रुपयांचे पाच रुपये झाले! अर्ध्या लिटराने सारा धंदा गिळला. हे भाव मी उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु कोणतेही भाव घ्या, कात्री अशीच चालते. सबब या योजनेतील पहिले यंत्र वेष्टनाचे नसून दुधाची स्निग्धता मोजण्याचे असले पाहिजे.

दुसरी अडचण काळाची. खव्यात पाण्याचा अंश बराच राहतो, म्हणून उघड्या हवेत तो थोड्याच दिवसांत आंबतो किंवा त्यावर बुरशी येते. थंडीत ठेविला तर काही आठवडे टिकतो. पण मग शीतगृह आले, थंड वाहन आले आणि वीज गेली तर काय, हा प्रश्न आला. उलट खव्यात साखर घालून पेढा केला, की साखर पाणी धरून ठेविते आणि मालाचे आयुष्य वाढते. खवा विकावा की पेढा, हा वरवर साधा दिसणारा प्रश्नच या योजनेचे भवितव्य ठरवील.

तिसरी गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्यात सहसा सापडत नाही. कढईपुढे बसून, धूर डोळ्यांत घेत, खुंती ढवळणारा हात कोणाचा? बहुधा घरच्या माउलीचा. तिची मजुरी हिशेबात शून्य धरिली जाते, आणि त्या शून्यावर नफ्याचा मनोरा उभा राहतो. आपल्या या कल्पित जोडीतील मुलीने जर परीक्षकांपुढे म्हटले, की 'आईची मजुरी धरिली तर आमचा धंदा पहिल्या वर्षी तोट्यात आहे, आणि तो तोटा भरून काढण्याचा मार्ग असा,' तर मी परीक्षक असतो तर तिला पहिला क्रमांक दिला असता. कारण तोटा ओळखणे ही धंद्याची पहिली इयत्ता होय.

बक्षीस मिळाले म्हणजे धंदा झाला, असे नव्हे. आणि न मिळाले म्हणजे बुडाला, असेही नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी मानीत. नांगर ओतण्यापेक्षा तो समज मोडणे कठीण होते. परंतु ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेले, वाट पाहत राहिले, आणि 1910 साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांना कोणी दहा मिनिटांत योजना मांडावयास सांगितले असते, तर कदाचित उत्तेजनार्थ बक्षीसदेखील मिळाले नसते.

मग या स्पर्धांचा उपयोग तो काय? माझ्या मते मोठाच आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भट्टी पेटते, त्या घरात हिशेब तोंडी असतो आणि दर वर्षी तो विसरलाही जातो. स्पर्धेच्या निमित्ताने घरचे शिकलेले मूल तो प्रथमच कागदावर उतरविते. बाप विचारतो, 'पदवी घेऊन पुन्हा भट्टीवरच बसणार काय?' त्या प्रश्नाला आजवर उत्तर नव्हते. आता मूल म्हणू शकते, 'बाबा, भट्टीवर बसणार नाही. भट्टी कोठे गळते आहे ते शोधणार आहे.' गावाकडून शहराकडे जाणाऱ्या गाडीत चढावे की नाही, हे त्या एका कागदावर पुष्कळदा ठरत असेल.

श्रोतेहो, आपणांकडेही थोडे मागणे आहे. आपण परीक्षक म्हणून बोलाविले गेलात, तर मुलांच्या इंग्रजीपेक्षा त्यांची खतावणी पाहा. आपण पालक असाल, तर पहिल्या अपयशाबद्दल एक वर्ष माफ करा. परीक्षेत नापास झालेल्यास आपण तेवढे माफ करितोच. आणि सणासुदीला खवा घेताना शेजारच्या दुकानापेक्षा किलोमागे वीस रुपये स्वस्त कसा, हा प्रश्न एकदा मनाशी विचारा. त्या वीस रुपयांत कदाचित पिठाची भेसळ असेल, कदाचित कोणा माउलीची मजुरी असेल. भेसळ आयोडीनच्या थेंबाने निळी होऊन दिसते. मजुरी तशी दिसत नाही.